पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

"एकोणिसाने भाग जातो," ती फोनवर म्हणाली. सकाळची वेळ होती, मी एका हाताने ओले केस पुसत होते आणि गॅसवर चहाचं आधण चढवलेलं होतं. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट ती ओशाळलेलीच वाटली, माझ्या कपड्यांना मागून डाग पडलाय हे सांगायची पाळी तिच्यावर आल्यासारखी. "मी सहज संगणकावर घालून बघितला तो आकडा. एकोणीस गुणिले सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर, असं आलं. तुम्ही म्हणाला होतात की तो फुटतच नाही. माझंच काही चुकतंय का?" मी म्हणाले, "बघते." फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, आकड्यांच्या बाबतीत 'बघते' असं मी आजवर कुणाला म्हणाले नव्हते. 'आहे' किंवा 'नाही', एवढंच. आधण आटून गेलं होतं आणि भांडं करपायला लागलं होतं.

मी चुकत नाही. हे गर्वाने सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी गर्वानेच सांगते. आमचा दातेरी चाकं पाडायचा कारखाना आहे. बाबांनी काढला, आता धाकटा भाऊ चालवतो, आणि त्यातली आकडेमोड माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, हा दांडा अमुक इतक्या वेळा फिरला की तो दांडा एकदा फिरला पाहिजे. म्हणजे मला एक आकडा मिळाला. तो फोडायचा. बाराशे असेल तर तीस आणि चाळीस, दोन चाकं, झालं काम. पण लाखभर दातांचं एकच चाक जगात कुणी पाडून देणार नाही, तेव्हा मोठा आकडा लहान आकड्यांत फुटायलाच हवा, आणि काही आकडे असे आडमुठे असतात की एक आणि स्वतः सोडून त्यांना कुणाचाच भाग जात नाही. त्या मूळ संख्या. मूळ संख्या आली की मी गिऱ्हाइकाला सांगते, एक कमी करा नाहीतर एक वाढवा, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकतं. कॅल्क्युलेटरला मी हात लावत नाही. कारखान्यातले कारागीर माझ्यासमोर फोन काढून गुणाकार करायला लाजतात, आणि ते मला मनापासून आवडतं.

ही फोनवरची बाई शिल्पकार आहे. गेल्या आठवड्यात कारखान्यात आली, नखांत प्लास्टर, खांद्यावर भली मोठी गुंडाळी. शहराच्या नव्या वाचनालयाच्या दारात तिला एक यंत्र उभं करायचंय. बाहेर एक मूठ, काचेआड चाकांची रांग, शेवटी एक मोठं चाक. शहरातल्या प्रत्येक माणसाने मूठ एकदा फिरवायची. सगळ्यांची फिरवून झाली की शेवटच्या चाकाचा एक फेरा पुरा होणार आणि घंटा वाजणार. ताज्या शिरगणतीत शहरात डोकी भरली पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. तिच्या तोंडून आकडा पुरता बाहेर पडायच्या आत मी म्हणाले, "मूळ संख्या आहे. फुटणार नाही. त्यापेक्षा एक कमी करा, पाच लाख दहा हजार पाचशे दहा घ्या. तो आकडा म्हणजे सोनं आहे." आणि मी तिला त्याचं कौतुक ऐकवायला लागले, एखादी आई लेकाचं ऐकवते तसं. पाचशे दहा शेजारी शेजारी दोनदा लिहिले की तो तयार होतो. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, पहिल्या सातही मूळ संख्यांनी जातो, आणि प्रत्येकीने एकदाच. सातशे चौदा आणि सातशे पंधरा या सख्ख्या शेजाऱ्यांचा गुणाकारही तोच. त्या दोघांचे मूळ तुकडे वेगळे मांडले, एकाचे दोन, तीन, सात आणि सतरा, दुसऱ्याचे पाच, अकरा आणि तेरा, तर दोन्हीकडे बेरीज एकोणतीसच. "असला आकडा पुन्हा मिळायचा नाही तुम्हाला," मी म्हणाले. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मग कुणाला वगळू?" "मला वगळा," मी म्हणाले. "नाहीतरी घंटा ऐकायला मी काही गर्दीत यायची नाही." ती हसली नाही. गुंडाळी उचलून म्हणाली, "विचार करते." विचार केला आणि संगणकाला विचारलं, यात तिचं काय चुकलं?

चूक म्हणून चूक फार मोठी नव्हती. काम सुरू झालेलं नव्हतं, धातू कापला गेला नव्हता, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मी भावाला फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी माझा आकडा चुकेल त्या दिवशी मी कारखान्यातल्या या हिशेबाच्या खुर्चीवरून आपण होऊन उठेन, मला उठवायची पाळी तुझ्यावर आणणार नाही. असं म्हणायला कारण होतं. बाबा माझ्या आत्ताच्या वयाचे होते तेव्हा याच खुर्चीवर बसून त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "एक्क्याण्णव फुटत नाही." मी शेजारी उभी होते. मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. मी म्हणाले, "तेरा सत्ते एक्क्याण्णव, बाबा." हा पाढा मला त्यांनीच पाठ करून घेतला होता, तेरावर अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी माझ्याकडे जरा वैतागून पाहिलं, ओठांतल्या ओठांत पाढा म्हटला, एक्क्याण्णवपर्यंत बरोबर पोचले, आणि म्हणाले, "ते वेगळं." गिऱ्हाईक गेलं. आम्ही दोघं भावंडं त्यावर हसलोसुद्धा. पुढे दोन वर्षांत भावाला त्यांना दंडाला धरून त्या खुर्चीवरून उठवावं लागलं, कारागिरांच्या देखत, आणि ते खुर्चीचा हात सोडेनात. त्यानंतर घरी ते मला 'बाई' म्हणायचे. "बाई, माझी मुलगी आकड्यांत फार हुशार आहे, येईलच इतक्यात, तिला विचारा." मी म्हणायची, "बरं, विचारते." मी रडले नाही तेव्हा. नंतर पुष्कळ रडले.

त्या सगळ्यात मला भीती कशाची बसली असेल तर त्यांच्या आवाजाची. 'एक्क्याण्णव फुटत नाही' हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात ते आयुष्यभर बरोबर आकडे सांगत आले होते. आवाज कुठे हलला नाही, भुवई वर गेली नाही. चुकताना माणसाला आतून काहीतरी खटकत असेल, पाय घसरायच्या आधी तोल गेल्याचं कळतं तसं काहीतरी कळत असेल, असं मी समजत होते. काही कळत नाही. मी त्या बाईला 'मूळ संख्या आहे' म्हणाले तेव्हा मला छान वाटत होतं. चांगली झोप झाली होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि आपण हुशार आहोत याचा नेहमीचा आनंद होता. तो आनंद आठवून आता अंगावर काटा येत होता.

चहा न घेताच मी घराबाहेर पडले. कारखान्याकडे चालत जायचा माझा नेहमीचा रस्ता, दुकानांची शटरं अर्धी वर, फुटपाथ धुवून काढलेले, बसथांब्यावर डुलक्या काढणारे लोक. रस्त्यात दिसेल तो आकडा फोडायचा हा माझा जुना नाद आहे, त्याला कष्ट पडत नाहीत, चालताना श्वास चालतो तसा तो चालतो. आज मी तो मुद्दाम, लक्ष देऊन करत होते. एका गाडीवर दोन हजार एकवीस, त्रेचाळीस सत्तेचाळीस. एका फाटकावर एक हजार एक, सात अकरा तेरा, हा तर घरचाच. पुढच्या गाडीवर एक हजार नऊ, मूळ. मूळच ना? यापूर्वी मी असं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उभं राहून पुन्हा एकतीसपर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं, मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला, "अहो बाई, मधेच काय थांबता," म्हणाला. 'बाई' शब्द नको तिथे लागला. एक हजार नऊ मूळच होता. पण बरोबर आलेल्या आकड्यांनी मला धीर येईना. बाबांचेही त्या दिवशीचे बाकीचे सगळे आकडे बरोबर होते.

कारखान्यात भाऊ मिलिंग मशीनशी वाकून उभा होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तेलकट कपड्यांत आणि जाड चष्म्यात माझा थोरला वाटतो. "ताई, त्या वाचनालयाच्या कामाचं काय ठरलं? एक कमी करायला तयार झाली का ती?" त्याने मान वर न करता विचारलं. "दुपारी सांगते," मी म्हणाले. खुर्चीत बसले, पण कडेला बसले. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बसतो तसं. समोरचे कागद नेहमीसारखे उलटले, दोन आकडे सांगितले, दोन्ही नीट तपासून सांगितले, आणि कारागिराने जरा चमकून बघितलं, कारण मी तपासायला वेळ घेते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली तशी मी मागच्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसले. ऊन जिन्याच्या पायऱ्यांतून खाली गळत होतं. म्हटलं, आता पळापळ पुरे, या आकड्याला एकदा समोर बसवू.

एकोणीस सत्तावीस पाचशे तेरा. म्हणजे सत्तावीस हजार वेळा एकोणीस, पाच लाख तेरा हजार. त्यात आणि आपल्या आकड्यात फरक दोन हजार चारशे एकोणनव्वद, तो एकशे एकतीस वेळा एकोणीस. भाग गेला, काही उरलं नाही. राहिले सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. सत्त्याण्णवची दोनशे ऐंशी पट घेतली तर वर दोनशे एक्क्याण्णव जास्त होतात, म्हणजे तीन सत्त्याण्णव जास्त, म्हणजे दोनशे सत्त्याहत्तर. शिल्पकार बाई बरोबर होती. जिन्यावर बसून पायातली चप्पल काढायला लागतो तेवढाच वेळ मला हे करायला लागला. डोकं चालत होतं, उत्तम चालत होतं. आणि म्हणूनच मला कळेना. असा आकडा मूळ आहे की नाही हे ठरवायचं तर सातशे चौदापर्यंतच्या मूळ संख्यांनी तो भागून बघायचा, त्याच्या पुढे बघायची गरज नसते. सतरापर्यंत काम नव्हतंच, कारण पाच लाख दहा हजार पाचशे दहाला त्या सगळ्यांचा भाग जातो, मग त्यात एक मिळवला की प्रत्येकीकडे बाकी एक उरणारच. म्हणजे ठोठावायचं पहिलंच दार एकोणीसचं. तेही मी ठोठावलं नाही. मी त्या बाईसमोर चुकीचं भागलं नव्हतं, मी भागलंच नव्हतं. मला ते आधीपासून ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं?

आणि मग केसांत बाबांची बोटं जाणवली. आई सकाळच्या पाळीला जायची, तेव्हा शाळेसाठी माझ्या वेण्या बाबा घालायचे. त्यांच्या बोटांना यंत्राच्या तेलाचा वास यायचा आणि ते केस फार ओढायचे. मी रडू नये म्हणून आकडे. पहिला पेड घातला की दोन. दुसऱ्याला तीनने गुणायचं, सहा. मग पाचाने, तीस. साताने दोनशे दहा. अकराने दोन हजार तीनशे दहा. तेराने तीस हजार तीस. सातव्या पेडाला सतराने, पाच लाख दहा हजार पाचशे दहा, आणि तिथे माझी वेणी संपायची, केस तेवढेच होते. उजव्या वेणीला उलट, भागत भागत पुन्हा एकावर यायचं. डाव्या वेणीच्या टोकाला रबर लावताना बाबा म्हणायचे, "आणि हा एक वरचा. आता बघ, या सातांतल्या कुणाच्या बापाला सापडायचा नाही तो." मी विचारलं होतं, म्हणजे तो मूळ झाला? त्यांचं उत्तर आठवत नाही. शाळेची घंटा झाली असेल, नाहीतर ते कंगवा शोधत असतील. मी माझं ताडून पाहिलं होतं, दोन अधिक एक तीन, मूळ. सहा अधिक एक सात, मूळ. एकतीस, दोनशे अकरा, दोन्ही मूळ. दोन हजार तीनशे अकरा पाटीवर एक अख्खी दुपार घासला, तोही मूळ. पाचदा खरं निघालं. पाचदा खरं निघालेलं सहाव्यांदा खोटं कशाला निघेल, म्हणून मी तिथे पाटी पुसून ठेवली. आता जिन्यावर बसून सहावा पाहिला. तीस हजार एकतीस. एकोणसाठने गेला. त्या दुपारी अजून एक पायरी चढले असते तर सगळं तिथेच कळलं असतं.

मी मोठ्याने हसले. खाली गाडीत माल भरणाऱ्यांनी वर पाहिलं. बाबा त्यांना येत होतं ते विसरले होते. मला हे कधी आलंच नव्हतं. माझी चूक म्हातारपणाची नव्हती, ती शाळेत दोन वेण्या घालून जाणाऱ्या मुलीची होती, आणि इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती जशीच्या तशी ठणठणीत राहिली होती. कुठलाही दुबळा मेंदू एवढं जुनं अज्ञान इतकं नीट सांभाळणार नाही. हा विचार मला इतका आवडला की लगेच त्याचा संशय आला. बाबांनीही तर म्हटलं होतं, 'ते वेगळं.' डोकं स्वतःच्या बचावाला काहीही उभं करतं. वेणीचं हे सारं खरंच असं घडलं होतं, की आज सकाळी घाबरलेल्या डोक्याने ते मला घडवून दिलं? केस ओढले जायचे हे खरं. तेलाचा वास खरा. पण तो रबर आणि तो वरचा एक? याला साक्षीदार कोण? माझीच साक्ष मलाच चालेना. मी उठले, चप्पल घातली आणि भावाकडे गेले. वचन दिलं होतं, ते पाळायचं. निदान उठायचं तर ताठ मानेने उठायचं.

"शिल्पाचा आकडा फुटतो, एकोणीस, सत्त्याण्णव आणि दोनशे सत्त्याहत्तर," मी म्हणाले. "मी चुकले."

त्याने मशीन बंद केलं. फडक्याने एकेक बोट पुसलं. "कुठला, पाच लाख दहा हजार पाचशे अकरा? छे. तो कसला फुटतो. तपासताना मी तो सोडूनच..." आणि तो बोलता बोलता थांबला.

"तपासताना म्हणजे?"

"काही नाही."

"तपासताना म्हणजे काय, ते सांग."

तो चष्मा पुसायला लागला. चष्मा पुसताना त्याला माझ्याकडे बघावं लागत नाही. "रागावू नकोस, ताई. तू बाबांच्या त्या वयाला आलीस ना, तेव्हापासून तुझा प्रत्येक आकडा मी मागून तपासतो. घरी नेऊन. एकही चुकलेला नाही आजवर, शपथ."

मी रागावले. असा राग मला पुष्कळ दिवसांत आला नव्हता, आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण हा माणूस स्वतःचं काम संपवून घरी जाऊन माझ्यासाठी रोज घाबरत बसत होता आणि सकाळी येऊन मला 'ताई, चहा?' विचारत होता. दोन्ही एकदम आल्यामुळे मला काहीच करता आलं नाही. "मग हा का नाही तपासलास?" एवढंच विचारलं.

"हा काय तपासायचा? हा वेणीचा आकडा," तो म्हणाला. "तुझी वेणी होईपर्यंत मी बूट घालून दारात बसलेला असायचो, शाळेला उशीर होतोय म्हणून रडत. रोज तेच ऐकायचो. दोन, सहा, तीस, दोनशे दहा, आणि शेवटी रबर लावताना वरचा एक. मूळ संख्या आहे ती. कुणालाही विचार."

कुणालाही विचार, हे त्याने माझ्या आवाजात सांगितलं. बाबांच्या आवाजात. त्याचा आवाज हलला नाही, भुवई वर गेली नाही. मी त्याला कोपऱ्यातल्या फळ्याकडे नेलं आणि त्याच्या हातात खडू दिला. त्याने एकोणिसाने भागलं. माझ्यासारखं नाही, तो शाळेतल्यासारखा एकेक अंक खाली उतरवतो. शून्य उरलं. त्याने पुसून पुन्हा भागलं, पुन्हा शून्य. मग खडू खाली ठेवला.

"बाबांनी आपल्याला चुकीचं शिकवलं होतं?"

"बाबा म्हणाले होते, या सातांतल्या कुणाला सापडणार नाही. ते खरंच आहे. पुढचं आपण दोघांनी ठरवलं. तू दारात बसून, मी केस ओढून घेत."

"मी अर्ध्या शाळेला सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसायला लागलो, इतके की एक कारागीर आत डोकावून गेला. हसता हसता माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत. मला इतका आनंद झाला होता. मी आजारी नव्हते. मी फक्त चुकले होते, लहानपणी, आणि एकटी चुकले नव्हते.

"मी खुर्चीवरून उठणार नाही," मी म्हणाले.

"उठ म्हणालं कोण?" तो म्हणाला. "आधी हे सांग, दोनशे सत्त्याहत्तर दात पाडायचे कसे? आपल्या चकतीवर ते बसत नाहीत." चकती म्हणजे भोकांची गोल वर्तुळं असलेली ती तबकडी. तिच्यावरची मूठ चाळीस वेळा फिरली की चाकाचा एक फेरा होतो, आणि भोकं मोजून मूठ थोडी थोडी फिरवत एकेक दात पाडायचा. दोनशे सत्त्याहत्तर मूळ संख्या आहे. हे मात्र मी जिन्यावर भागून पाहिलं होतं.

"दोनशे ऐंशी धर," मी म्हणाले. "म्हणजे दर दाताला मूठ एक सप्तमांश फिरवायची, एकवीस भोकांच्या वर्तुळावर तीन भोकं. चकती घट्ट बांधू नकोस, मोकळी सोड आणि बाजूने चोवीस आणि छप्पन्न दातांची चाकं जोड, ती चकतीला हळूहळू पुढे सरकवत राहतील. दोनशे सत्त्याहत्तर बरोबर येतील." हे सांगायला मला विचार करावा लागला नाही. तो 'बरं' म्हणाला, आकडे एका कागदावर टिपून घेतले आणि कागद घडी करून खिशात घालायला लागला.

"इथेच," मी म्हणाले. "घरी नेऊन नको, मागून नको. इथे माझ्यासमोर तपास."

त्याने कागद टेबलावर पसरला, पेन्सिल काढली. मी माझ्या खुर्चीत बसले, पाठ टेकवून. दोनशे सत्त्याहत्तर भागिले सात, एकोणचाळीस पूर्णांक चार सप्तमांश, त्याने लिहिलं. चाळीसला तीन सप्तमांश कमी पडत होते. मग त्याने चोवीस खाली छप्पन्न लिहिले, दोघांनाही आठाने छेद दिला, आणि तीन सप्तमांश आले. त्याने बेरीज केली, रेघ ओढली, एकदा वरून खालपर्यंत पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला.

मला ते माहीतच होतं. तरी तो म्हणेपर्यंत मी थांबले होते.